शिळेवरची शेवटची ओळ

इंग्लंडातील खेड्यापाड्यांतून चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्यांवर पुष्कळदा एक ओळ मागाहून कोरलेली आढळते. वर आईबापांची नावे, खाली मुलाचे नाव, विमानदलातील हुद्दा, १९४३ किंवा १९४४ चे साल आणि ‘बेपत्ता’ हा शब्द. मुलगा त्या शिळेखाली नाही. मग पाथरवटाला अक्षरागणिक दाम मोजून घरच्यांनी ही ओळ का कोरविली?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर दलातील ५५,५७३ माणसे मेली. मोठ्या विमानात बहुधा सातजण असत: एक चालक, बाकीचे दिशा पाहणारे, बिनतारी यंत्र सांभाळणारे, इंजिनावर नजर ठेवणारे, बंदुका चालविणारे. रात्री गेलेले विमान सकाळपर्यंत आले नाही की घरी तार जाई. तारेत मृत्यू नसे, ‘बेपत्ता’ एवढेच असे. कैद झाला असेल, कोणी लपवून ठेवला असेल, अशी आशा राही. सुमारे सहा महिने काहीच कळले नाही, म्हणजे सरकार ‘सरकारी कामापुरता’ त्याला मृत धरी. सरकारी कामापुरता! परागंदा कामगारांच्या बायका आमच्या युनियनच्या कचेरीत येतात तेव्हा आम्हांलाही सात वर्षांचा कायदा सांगावा लागतो, आणि तो सांगताना त्या बाईकडे पाहवत नाही.

सरकारने स्मारक केले नाही असे नव्हे. दोन्ही महायुद्धांत त्यांचा नियम असा होता की, शव मायदेशी आणावयाचे नाही, आणि अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा एकाच घडणीची. श्रीमंताने आपल्या मुलासाठी संगमरवरी मनोरा उभारावा आणि गरिबाच्या मुलाला लाकडी खूण, हा भेद त्यांनी मोडला. हे तत्त्व आम्हांला मनापासून पटते. ज्यांना कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे थेम्सकाठच्या रनीमीड येथील स्मारकावर आहेत. ते १९५३ साली खुले झाले.

पण तिथे तो विमानदलाचा माणूस आहे. गावच्या शिळेवर तो अमक्याचा मुलगा, तमकीचा भाऊ आहे, आणि म्हातारीला रविवारी फुले घेऊन चालत जाता येते. आपल्याकडेही देह न सापडलेल्याचा पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गरज तीच आहे.

१९४३ च्या मार्चमध्ये बुडालेले एक स्टर्लिंग विमान २०२० साली हॉलंडच्या मार्करमेर सरोवरातून वर काढले. त्यातही सातजण होते. असा देह सापडून ओळख पटली की त्याला स्वतःची कबर मिळते, आणि सरकारी भिंतीवरचे नाव पुढे पाटी बदलताना गाळले जाते. गावच्या शिळेवरील ओळ खोडावयास कोणी जात नाही.