धोप्याच्या घराण्यातलं लाल फूल

सत्काराच्या पुष्पगुच्छात ते हमखास असतं. लालभडक, बदामी आकाराचं आणि इतकं चकचकीत की हात लावून बघितल्याशिवाय खरं वाटू नये. अँथुरियम! त्याचं झाड घरात, सावलीत वाढतं असं कळलं आणि मी हौसेनं यवतमाळहून एक कुंडी आणली. दोन महिन्यांत झाड गेलं. दुसरं आणलं, तेही गेलं.

पाणी कमी पडलं म्हणावं, तर मी दोन वेळा घालत होते. माती म्हणाल तर आमच्या बाभुळगावच्या शेतातली, कापूस पिकवणारी काळीभोर. शेवटी झाड उपटून पाहिलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली! ज्या मातीचं आपल्याला एवढं कौतुक, तीच त्याच्या जिवावर उठली होती. हे झाड मूळचं कोलंबिया-इक्वेडोरकडच्या ओल्या जंगलातलं. तिथं ते कित्येकदा मोठ्या झाडाच्या खोडाला धरून वाढतं. मुळांना दमट हवा हवी, चिखल नको. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांचा श्वासच कोंडतो.

तिसऱ्या खेपेला शेतातली माती घेतलीच नाही. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे बारीक खडे आणि मूठभर मुरलेलं शेणखत, बस्स. आता बोट खुपसून बघते, वरचा इंचभर थर सुकला असेल तरच पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, कुंडीवर पांढरा थर धरतो. म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी साठवून वापरते.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ च्या घरात, आणि मला वाटलं कुलरसमोर त्याला गारवा मिळेल. पण त्या झोतानं पानांच्या कडा करपल्या. आता कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर असते. उजेड भरपूर, ऊन मात्र थेट नाही. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर पानंच येतात, फूल धरत नाही. कुंडीखाली खड्यांचं ताट आणि त्यात थोडं पाणी. कुंडीचा तळ मात्र पाण्याच्या वर. ते पाणी एक दिवसाआड बदलायचं बरं का, नाहीतर डास होतात.

आणि मैत्रिणींनो, लाल दिसतं ते फूल नव्हेच, ते रंगीत पान! खरी फुलं मधल्या दांडीवर, बारीक दाण्यांसारखी. म्हणूनच ती शोभा महिनाभर टिकते.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती. जाऊबाईंच्या दीड वर्षाच्या नातीनं पान तोंडात घातलं आणि रडून आकांत केला. लाळ थांबेना, ओठ सुजले. तोंड पुसून थंड पाणी दिलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत पोर खेळायला लागली, पण माझे हातपाय तोवर गळून गेले होते. सासूबाईंनी ते पान उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, "हे त धोप्यावानीच दिसते व माय!" अगदी खरं. अँथुरियम अळूच्या, म्हणजे आपल्या धोप्याच्याच कुळातलं. कच्चा धोपा घशात खवखवतो ना, तसेच सुईसारखे बारीक स्फटिक याच्याही पानात असतात. धोपा शिजवून, चिंच घालून खाता येतो. हे मात्र अजिबात खायचं नाही. पानं छाटल्यावर मी हातही साबणानं धुते.

आता कुंडी उंच स्टुलावर आहे. या आठवड्यात एक नवी कळी डोकावतेय, अजून घट्ट गुंडाळलेली.