वाघाचा फोटो कार्डात टिकतो कसा?

चंद्रपूरजवळच्या ताडोबाच्या जंगलवाटांवर गुडघाभर उंचीवर कॅमेरा ट्रॅप जोडीने बांधलेले असतात, वाटेच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून फोटो दोन्हीकडून हवा. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाखांवर, आणि त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकी चितळ, सांबर, गुरं, माणसं, झालंच तर वाऱ्याने हललेलं गवतसुद्धा!

कॅमेऱ्याची बॅटरी संपली तरी मेमरी कार्डातला फोटो जात नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या रूपात साठलेला असतो. मेमरी चिपच्या प्रत्येक कप्प्यात वाहक पदार्थाचा एक अतिसूक्ष्म तुकडा असतो. त्याच्या खाली विद्युतरोधक थर, वरही विद्युतरोधक थर. खालचा जेमतेम ८-१० नॅनोमीटर जाडीचा. या तुकड्याला कुठलीही तार जोडलेली नसते. मग इलेक्ट्रॉन आत शिरतो कुठून?

खालच्या थराच्या भिंतीतूनच. शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे पुरेशी ऊर्जा नसलेला इलेक्ट्रॉन अडथळ्यावरून मागे फिरायला हवा. पण इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो, आणि लहर भिंतीशी एकदम थांबत नाही. आत शिरून झपाट्याने क्षीण होत जाते. भिंत पुरेशी पातळ असली, तर पलीकडे थोडी उरते. म्हणजेच इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची काही शक्यता असते. यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. किरणोत्सारी अणूतून अल्फा कण बाहेर कसे पडतात, हे भौतिकशास्त्रज्ञ गॅमोने १९२८ साली याच आधारे उलगडलं. त्याच वर्षी फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी तीव्र विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन कसे निसटतात ते मांडलं.

मेमरी कार्डात कामी येतं ते हे दुसरं गणित. फोटो लिहिताना सुमारे २० व्होल्टचा दाब दिला की अडथळ्याचा माथा तिरपा होतो आणि इलेक्ट्रॉनला पार करायचं अंतर घटतं. दाब काढला की भिंत पुन्हा पूर्ण जाडीची. आत गेलेले इलेक्ट्रॉन मग वर्षानुवर्षं अडकून राहतात. एकाच थराने दाराचंही काम करायचं आणि कुलपाचंही, ही कल्पना काँग आणि झी यांनी १९६७मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली. बऱ्याच नव्या कार्डांत वाहकाऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर वापरतात.

दोन भिंतींची खरी गंमत मात्र वेगळीच. एका भिंतीतून जाणं अवघड, तर दोन भिंतींतून त्याहून अवघड असणार, असं कुणीही म्हणेल. पण दोन सारख्या भिंतींमधलं अंतर काही नॅनोमीटरच असेल, तर एका ठरावीक ऊर्जेला परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ विनाअडथळा आरपार जातो. त्सू आणि एसाकी यांनी १९७३ साली हे गणिताने दाखवलं. पुढच्याच वर्षी चांग यांच्यासह गॅलियम आर्सेनाइडच्या थरांत ते प्रत्यक्ष पाहिलं. कार्डाला अर्थातच ही सवलत परवडणारी नाही.

चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अडकलेले इलेक्ट्रॉन गळण्याचा वेग उष्णतेने वाढतो; शिवाय प्रत्येक लिहिण्या-पुसण्यात थर थोडा झिजतो. तरी उन्हाळ्यात पहिली अडचण कार्डाची नसते. हे कॅमेरे प्राण्याच्या अंगाच्या आणि परिसराच्या तापमानातल्या फरकावर चालू होतात. भर दुपारी जमीन वाघाइतकीच तापलेली असते, आणि तो समोरून गेला तरी फोटो निघेलच असं नाही.