समुद्र दूर, पण नदी दाराशी

“आई, समुद्र कुठे असतो गं?” धुळ्यात मुलाने असे विचारले की आपण नकाशातला निळा भाग दाखवतो नि पोळ्या लाटायला लागतो. माझ्या धाकट्याने विचारले तेव्हा मात्र आम्ही पांझरेच्या पुलावर होतो. आठवड्याचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून मी नुकतेच खाली सोडले होते. “मग ही पिशवी कुठे जाईल?” “जाईल पुढे.” “पुढे म्हणजे कुठे?” मला उत्तर सुचेना.

घरी येऊन नकाशा काढला. धुळ्याची पांझरा तापीला मिळते, जळगावची गिरणाही तापीलाच मिळते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी सुमारे सव्वासातशे किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. पिशवी कदाचित काठच्या बाभळीला अडकेल, सारंगखेडा-प्रकाशाच्या बंधाऱ्यांत किंवा उकाईच्या धरणात अडेल. पण पुरात सुटली तर शेवट समुद्रातच. आपली मुले समुद्राची शेजारी नसली, तरी त्याच्याच पाण्याच्या वरच्या अंगाला राहतात.

मुलांना हे सांगावे कसे? उपदेश नको; गोष्ट सांगा. ती खरी असेल तर आणखी छान.

कोकणात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवीण येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे नाहीतर कोल्ही-कुत्री उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित पुरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू हलते आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्ले समुद्राकडे तुरुतुरु निघतात. माझा मुलगा इथे दर वेळी टाळ्या वाजवतो.

आता परातीत पाणी घ्या आणि पारदर्शक पिशवीचा तुकडा सोडून हळूच हलवा. काही समुद्री कासवे जेलीफिश नावाचा मऊ, पारदर्शक जीव खातात. पाण्यातली पिशवी त्यांना तशीच भासते. एवढेच सांगून थांबा. मेलेल्या कासवांची चित्रे लहानांना दाखवू नका. मूल घाबरले की ऐकायचे थांबते. त्याऐवजी “मग आपण काय करू या?” असे त्यालाच विचारा.

करवंटीचे कासव

साहित्य : नारळाची अर्धी करवंटी, जुनी लग्नपत्रिका, रद्दी कागदाच्या पट्ट्या, कणकेची खळ, पाण्याचे रंग.

कृती : करवंटीची कड पॉलिश पेपरने घासून घ्या, हे काम मोठ्यांनीच करावे. पत्रिकेवर करवंटी पालथी ठेवून भोवती डोके, शेपटी आणि चार पाय काढा. पुढचे पाय वल्ह्यासारखे लांब, मागचे आखूड. आकार कापून खळीत भिजवलेल्या पट्ट्यांनी करवंटीला आतून चिकटवा. रात्रभर वाळू द्या, मग रंगवा. थर्माकोल आणि चमकी नको. चमकी बहुधा प्लॅस्टिकचीच असते. कासव वाचवायला बसून नवा कचरा कशाला?

जुन्या निळ्या साडीचा तुकडा अंथरला की झाला समुद्र. उरलेल्या साडीची बाजाराची पिशवी शिवा, मुलाला बंद ओढू द्या. आपण शिवलेली पिशवी घ्यायची आठवण तोच करून देईल.

निर्माल्याचे काय? सासूबाई म्हणाल्या, “पायदळी येऊ नये म्हणूनच ना नदीत सोडायचं?” त्यांचे खरेच होते. म्हणून तळाला भोके असलेली जुनी कुंडी उंचावर ठेवली. हारांचे दोरे काढायचे, फुलांवर वाळका पाला आणि मूठभर माती टाकायची. काही महिन्यांत खत झाले, ते सासूबाईंनीच मोगऱ्याला घातले.

परवा पुन्हा पुलावरून जाताना धाकटा कठड्याशी थांबला. “आई, आज आपण काहीच नाही टाकलं ना?”

“नाही रे,” मी म्हटले. या वेळी उत्तर शोधावे लागले नाही.