लहान श्रवणकक्षासाठी समतल-पटल ध्वनिक्षेपक व सबवूफर यांची निवड : साकीनाका परिसरातील घरांच्या संदर्भात

प्रस्तावना

अंधेरी-कुर्ला मार्गावरील साकीनाका हा परिसर औद्योगिक गाळे, चाळी, पुनर्वसन इमारती आणि अलीकडची उंच संकुले यांच्या सरमिसळीतून घडला आहे. जवळच विमानतळ, २०१४ पासून डोक्यावरून धावणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आणि खाली सतत वाहणारी रहदारी असे येथील ध्वनिवातावरण आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे चटईक्षेत्र प्रारंभी २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले. खासगी इमारतींतही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाट्याला येणारी एखादी मोकळी खोली साधारणतः दहा फूट रुंद व बारा फूट लांब असते. अशा खोलीत गंभीरपणे संगीत ऐकू इच्छिणारी व्यक्ती, किंवा तेवढ्याच आकाराचा श्रवणकक्ष उभारू पाहणारा महाविद्यालयीन संगीत विभाग, ध्वनिक्षेपकांची निवड करताना बहुधा यंत्राच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करतो. ती खोलीपासून व्हावयास हवी. समतल-पटल म्हणजे प्लॅनर जातीच्या ध्वनिक्षेपकांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे; कारण हे ध्वनिक्षेपक खोलीला जितके उपकारक तितकेच, जागा चुकल्यास, अपायकारक ठरतात.

समतल पटलाचे स्वरूप

नेहमीच्या ध्वनिक्षेपकात कागदाचा किंवा तत्सम द्रव्याचा शंकू लाकडी पेटीत बसविलेला असतो. शंकूच्या मागील बाजूने निघणारा ध्वनी पेटीत कोंडला जातो. समतल-पटल ध्वनिक्षेपकात पेटीच नसते. अत्यंत पातळ प्लॅस्टिकचा पडदा चौकटीवर ताणलेला असतो व त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर बल कार्य करते. हे बल स्थिरविद्युत असू शकते. पीटर वॉकर यांचा १९५७ मध्ये बाजारात आलेला क्वाड हा त्या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना होय. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर तार किंवा धातूची पट्टी चिकटवून तिच्यासमोर चुंबकांच्या रांगा ठेवतात. अमेरिकेतील जिम वायनी यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या मॅग्नेपॅन या संस्थेने हा प्रकार रूढ केला.

दोन्ही प्रकारांत पडदा पुढे ढकलला गेला की समोर दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे तो घटतो. म्हणजे मागे जाणारा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या नेमका उलट असतो. बाजूला हे दोन्ही एकमेकांना छेदतात व तेथे जवळजवळ शांतता असते. ध्वनीच्या प्रसाराची आकृती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी होते. अरुंद खोलीच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. बाजूच्या भिंतींवर ध्वनी कमी आदळतो, आणि गायकाचा आवाज व तंबोरा यांतील अंतर साध्या पेटीपेक्षा स्पष्ट उमटते. पडदा अतिशय हलका असल्याने तबल्याच्या चाटेवरचा आघात किंवा सतारीची जवारी चटकन ऐकू येते, असा श्रोत्यांचा अनुभव आहे.

या गुणांची किंमत मंद्र सप्तकात मोजावी लागते. तरंगलांबी पटलाच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी झाली की मागचा ध्वनी कडेने वळून पुढच्या ध्वनीला खोडतो. तेवढाच दाब टिकवून एक सप्तक खाली उतरावयाचे तर पेटीतील शंकूला चौपट हालचाल पुरते; खुल्या पटलाला मात्र सुमारे आठपट हालावे लागते, आणि चुंबकासमोरची फट तर काही मिलिमीटरांचीच असते. मॅग्नेपॅनच्या एलआरएस या २०१९ मधील लहान नमुन्याची खालची मर्यादा निर्मात्यानेच ५० हर्ट्झ सांगितली होती. सबवूफरची गरज येथून उद्भवते.

प्रवर्धकाविषयी थोडक्यात एवढेच. याच नमुन्याची संवेदनशीलता २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल दिलेली होती. रोध ४ ओहम असल्याने तेवढ्या व्होल्टला दोन वॅट खर्ची पडतात, म्हणजे एका वॅटला प्रत्यक्षात ८३ डेसिबलच मिळतात. ४ ओहमवर निर्वेधपणे प्रवाह पुरवणारा, शंभर वॅटच्या आसपासचा प्रवर्धक त्यासाठी आवश्यक ठरतो. मुंबईच्या दमट हवेचाही विचार करावा. स्थिरविद्युत पटलात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि ओलावा व धूळ यांमुळे तेथे विद्युत्-गळती संभवते. चुंबकीय पटलात हा धोका नाही. तथापि वर्षानुवर्षांच्या उष्णता-आर्द्रतेने पडद्यावरील तार सुटू शकते, म्हणून वापरलेले पटल घेताना ते पावसाळ्यानंतर व प्रत्यक्ष वाजवून तपासणे श्रेयस्कर.

तीन फुटांचा प्रश्न

पटलाच्या मागून निघालेला उलटा ध्वनी मागील भिंतीवर आपटून श्रोत्यापर्यंत येतो. पटल भिंतीपासून एक फुटावर असेल तर या ध्वनीला दोन फूट अधिक प्रवास करावा लागतो व तो पावणेदोन मिलिसेकंदांनी उशिरा पोहोचतो. इतक्या अल्प विलंबाचा ध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही. तो मूळ ध्वनीत मिसळून त्याचा रंग बदलतो. ३० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धरल्यास अशा मांडणीत ५७२ हर्ट्झच्या आसपास मोठी घट पडते, जी थेट गायनाच्या पट्टीत येते. शिवाय भिंतीच्या जवळिकीने खालचे स्वर आणखी क्षीण होतात. तेच अंतर तीन फूट केल्यास विलंब पाच मिलिसेकंदांहून थोडा अधिक होतो आणि मागचा ध्वनी रंग बिघडविण्याऐवजी अवकाशाची जाणीव देऊ लागतो. घट नाहीशी होत नाही; ती १९१ हर्ट्झपर्यंत खाली सरकते आणि खोलीतील इतर परावर्तनांमुळे तेथे बरीच भरून निघते.

दहा बाय बाराच्या खोलीत तीन फूट सोडणे म्हणजे एक चतुर्थांश जागा सोडणे होय. साकीनाक्यात ही मागणी क्षुल्लक नाही. परंतु पटले जाडीने इंच-दीड इंच व वजनाने हलकी असतात. ऐकण्याच्या वेळी पुढे आणून नंतर भिंतीला लावून ठेवणे शक्य असते. जमिनीवर खुणेची पट्टी चिकटविली की जागा दरवेळी शोधावी लागत नाही. मागील भिंतीवर जाड गादी लावून ध्वनी शोषून घेणे मात्र इष्ट नाही, कारण त्यामुळे पटलाचा अर्धा गुणच नाहीसा होतो. तेथे लहान-मोठ्या ग्रंथांनी भरलेले कपाट असावे. ते ध्वनी विखुरते, आणि प्राध्यापकाच्या घरी ते बहुधा असतेच. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटविण्याची प्रथा अनेक हौशी स्टुडिओंत आढळते. त्यांचा खालच्या स्वरांवर काहीही परिणाम होत नाही: ६० हर्ट्झच्या तरंगाची लांबी पावणेसहा मीटरांहून अधिक असते.

हलविता येण्याजोगीही जागा नसेल, पलंग किंवा कपाट कायमचे तेथेच राहणार असेल, तर समतल-पटल ध्वनिक्षेपक घेऊच नयेत. त्याच किमतीतील बंद पेटीचा लहान ध्वनिक्षेपक अशा खोलीत निश्चितच अधिक समाधान देईल.

खर्जाचे गणित

सबवूफर किती खोल जावा, हा प्रश्न ऐकल्या जाणाऱ्या संगीतावरून सोडविणे योग्य. काळी एक या पट्टीतील पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा व तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर ६९.३ हर्ट्झचा असतो. काळी चार पट्टीतील गायिकेचा खर्ज १०३.८ हर्ट्झवर येतो. म्हणजे ख्यालगायनाच्या श्रोत्याला २० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या अवाढव्य सबवूफरची निकड नाही. ३५ ते ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा पुरेसा आहे. पाश्चात्त्य ऑर्गन किंवा चित्रपटांतील स्फोट ऐकावयाचे असल्यास गोष्ट वेगळी. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकांत, ज्यांत बालगंधर्वांच्या आरंभीच्या मुद्रिकाही येतात, खर्ज उमटलेलाच नसतो. त्या वाजविताना सबवूफर तबकडीची घरघर तेवढी वाढवील. तो बंद ठेवावा.

आता खोली. लांबी ३.६६, रुंदी ३.०५ व उंची २.९० मीटर धरल्यास तिचे पहिले अनुनाद लांबीच्या दिशेने सुमारे ४८, रुंदीच्या दिशेने ५७ आणि उंचीच्या दिशेने ६० हर्ट्झवर येतात. लांबी-रुंदीचा संयुक्त अनुनाद ७४.५ हर्ट्झवर पडतो. निनादकाल अर्धा सेकंद मानला तर प्रत्येक अनुनादाची रुंदी ४.४ हर्ट्झच्या जवळपास असते. म्हणजे ७४.५ चा अनुनाद साधारण ७२ ते ७७ या टप्प्यात जागा होतो. काळी एकचा खर्ज त्याच्या बाहेर राहतो. पांढरी दोनचा खर्ज, ७३.४ हर्ट्झ, बरोबर आत सापडतो. दोन गायकांच्या पट्टीत एका अर्धस्वराचा फरक, आणि एकाचा तंबोरा संयत तर दुसऱ्याचा घुमणारा! श्रोता दोष ध्वनिमुद्रणाला किंवा यंत्राला देतो. दोष खोलीचा असतो. निनादकाल व घनफळ यांवरून काढलेल्या श्रोडर यांच्या सूत्रानुसार या खोलीत सुमारे २५० हर्ट्झच्या खाली खोलीचेच राज्य चालते.

हा घुमारा सर्वत्र सारखा नसतो. रुंदीच्या मध्यावर बसलेल्याला ५७ व ७४.५ चे अनुनाद जवळजवळ ऐकूच येत नाहीत. भिंतीलगत बसलेल्यांना ते भरपूर जाणवतात. घरात एकच आसन मध्यावर असते, पण संगीत विभागाच्या कक्षात विद्यार्थी भिंतींना टेकूनच बसतात. यावर उपाय पैशाचा नाही, जागेचा आहे. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो सर्व अनुनाद जागे करतो. तोच समोरच्या आखूड भिंतीच्या बरोबर मध्यावर, दोन पटलांच्या दरम्यान ठेवला तर रुंदीचा आणि संयुक्त असे दोन्ही अनुनाद फारसे उद्दीपित होत नाहीत, मग श्रोता कोठेही बसो. ४८ व ६० हर्ट्झचे शिल्लक राहतात. त्यांतील ४८ चा प्रभाव समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान सबवूफर ठेवल्यास बराच आटोक्यात येतो. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सबवूफरच्या संख्येवर केलेल्या अभ्यासातही ही मांडणी लाभदायक आढळली होती.

सबवूफरची निवड व जुळणी

'पटल वेगवान, सबवूफर संथ, म्हणून दोहोंचे जुळत नाही' असे सर्रास म्हटले जाते. ८० हर्ट्झच्या खाली वेग हा शब्द फारसा अर्थपूर्ण नाही. रेंगाळते ती खोली. तरीही पेटीच्या प्रकाराने फरक पडतो. छिद्र असलेल्या पेटीचा प्रतिसाद मर्यादेखाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, बंद पेटीचा १२ डेसिबलने. लहान खोलीत सर्वांत खालच्या अनुनादाखाली, म्हणजे येथे ४८ हर्ट्झच्या खाली, खोली स्वतःच दाब वाढवीत जाते व बंद पेटीची उतरण काही अंशी भरून काढते. खिडक्या उघड्या असल्यास हा लाभ घटतो आणि मुंबईत त्या बहुधा उघड्याच असतात. एकंदरीत आठ किंवा दहा इंची शंकूचा, बंद पेटीचा सबवूफर या आकाराला योग्य.

विभाजन ७० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावे. त्याहून वर नेल्यास स्वर कोठून येतो हे कानाला कळू लागते. शक्य असल्यास पटलांकडे जाणाऱ्या संकेतातूनही खालचा भाग गाळावा. पडद्याची हालचाल वाचते आणि वरचे स्वर मोकळे होतात. मोठेपणाची पातळी ठरविण्यास चित्रपटातील गडगडाट निरुपयोगी आहे. केवळ तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे. सबवूफर सुरू केल्यावर खर्ज भरीव व्हावा, पण त्याचे स्थान जोडीच्या तारांपासून सुटून जमिनीकडे सरकू नये. सरकत असेल तर पातळी अधिक आहे किंवा कला जुळलेली नाही.

शेजार, रात्र आणि डेसिबल

साकीनाक्यात रहदारी ओसरते ती रात्री उशिरा. ऐकण्यास योग्य वेळ तीच. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. ही मोजणी 'ए' भारांकनाने होते आणि त्या भारांकनात ६३ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. शेजारच्या खोलीत खर्ज ६० डेसिबलने पोहोचत असेल तर मापक ३४ दाखवील. नियमाच्या दृष्टीने तेथे काहीच घडलेले नसते. त्या वारंवारतेला मानवी श्रवणाचा उंबरठा ३८ डेसिबलच्या आसपास आहे, त्यामुळे झोपलेल्या शेजाऱ्याला मात्र ते स्पष्ट ऐकू येते. मापकाचा आकडा दाखवून वाद जिंकता येईल, शेजाऱ्याची झोप परत येणार नाही.

भिंतीची अडवणूकही खालच्या स्वरांना कमीच असते. वस्तुमानाच्या नियमानुसार वारंवारता निम्मी झाली की भिंतीतून सहा डेसिबल अधिक ध्वनी पार होतो. ५०० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला हा फरक सुमारे वीस डेसिबलचा पडतो. सबवूफरखाली रबरी पाय लावल्याने लादीत शिरणारे कंपन घटते; हवेतून जाणारा ध्वनी घटत नाही. परस्परविरुद्ध दिशेने हलणारे दोन शंकू असलेली पेटी कंपनाच्या बाबतीत अधिक चांगली.

रात्रीसाठी उपयुक्त मार्ग सबवूफर श्रोत्याजवळ आणण्याचा आहे. दोन मीटरऐवजी सत्तर सेंटिमीटरवर, आसनाच्या बाजूला ठेवल्यास मोकळ्या जागेच्या हिशेबाने नऊ डेसिबलची बचत होते; खोलीत ती यापेक्षा कमी भरते, तरी नगण्य नसते. श्रोत्याला खर्ज तेवढाच मिळतो आणि शेजारच्या भिंतीवर पडणारा दाब कमी होतो. यासाठी विलंब व कला स्वतंत्रपणे बदलता येणारा सबवूफर लागतो. दिवसाची व रात्रीची अशा दोन जुळण्या त्यात साठविता आल्या तर उत्तम. खरेदीच्या वेळी शंकूच्या इंचांआधी ही सोय आहे की नाही ते पाहावे.