हिरव्या गोळ्यांचा हिशेब

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा आबांनी एक डबी माझ्यापुढे ठेवली. "पोरी, कॉलेजात जातेस ना? मग ह्यावर काय लिहिलंय ते वाच बघू."

आबांना मधुमेह आहे. डबी देणाऱ्या परिचिताने डॉक्टरांची गोळी सोडायला सांगितले होते, आणि आबांनी ती सोडलीही होती. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. डबीवर मोठ्या अक्षरांत 'स्पिरुलिना' आणि खाली बारीक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असे होते. "आबा, हे औषध नव्हे," मी म्हटले. "मग काय आहे?" ह्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते मी सुटीनंतर ग्रंथालयात शोधले.

स्पिरुलिना हे निळे-हिरवे शेवाळ. शास्त्रज्ञ त्याची गणना जिवाणूंत करतात. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक ते टेस्कोको सरोवरातून काढून खात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठी त्याच्या वड्या करतात. वाळलेल्या शेवाळात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. पण अर्ध्या ग्रॅमच्या ६ गोळ्यांतून मिळणार २ ग्रॅमहूनही कमी! ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम मिळतात. त्यातील 'ब-१२' जीवनसत्त्वही बहुतांशी आपल्या शरीराला निरुपयोगी अशा रूपात असते.

मग रोग्याला फायदा काहीच नाही काय? काही प्रयोगांत रक्तातील चरबी व साखर थोडी उतरलेली आढळली. परंतु रुग्ण थोडे आणि मुदतही थोडी. त्यावरून औषधाची जागा शेवाळाला देता येत नाही.

उलट आजारी माणसानेच अधिक जपावे. उघड्या पाण्यातील शेवाळात दुसऱ्या जातींची भेसळ झाली, तर यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन विष त्यात येऊ शकते. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे ह्याच विषाने दूषित झालेले पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. क्लोरेला ह्या दुसऱ्या शेवाळात 'के' जीवनसत्त्व असते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या कामात ते अडथळा आणू शकते. म्हणून डॉक्टरांना डबी दाखवल्याशिवाय गोळी घेऊ नये.

हे सारे मी आबांना फोनवर सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साडेनऊशेची होती गं डबी."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. आता डॉक्टरांची गोळी पुन्हा सुरू आहे.