सिमकार्ड बदलण्याआधी यंत्राचे पोट तपासा



नवीन पनवेलची सिडको वसाहत मागे टाकून नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या रस्त्याला लागले की इमारती संपतात आणि माथेरानचा डोंगर समोर येतो. या भागात, किंबहुना साऱ्या रायगड जिल्ह्यात, सिमकार्ड आता केवळ माणसाच्या खिशात राहिलेले नाही. नदीकाठच्या पंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये ते आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रात आहे. खडी-माती वाहणाऱ्या डंपरच्या जीपीएस यंत्रात आहे, आणि महावितरणच्या नव्या मीटरपैकी अनेकांतही आहे.

फोनचे कार्ड बिघडले तर माणूस दुकानात जातो. पंपाचा स्टार्टर काही दुकानात जात नाही. तो नुसता गप्प बसतो आणि पाणी वेळेवर न मिळाल्याने मिरचीची रोपे माना टाकतात, तेव्हा आपल्याला कळते. म्हणून आज थोडे या कार्डाबद्दल आणि त्याहून जास्त त्या यंत्राच्या पोटातल्या कार्यक्रमाबद्दल बोलू. या कार्यक्रमाला कारागीर 'फर्मवेअर' म्हणतात. यंत्र तयार करताना त्यात भरून ठेवलेली ही आज्ञावली असते. चालू झाल्यावर काय करायचे, कार्डाशी कसे बोलायचे, कोणाला निरोप द्यायचा, हे सारे तीच ठरवते.

कार्ड बदलते, यंत्र तेच राहते

भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळातले कार्ड आणि आजचे कार्ड यांत फार फरक पडला आहे. अगदी सुरुवातीचे कार्ड बँकेच्या एटीएम कार्डाएवढे होते. मग २५ बाय १५ मिलिमीटरचे आले, त्यानंतर १५ बाय १२ चे, आणि २०१२ पासून १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे नॅनो कार्ड. यंत्रांसाठी तर सर्किटवरच डाग देऊन कायमची बसवलेली ५ बाय ६ मिलिमीटरची चिपही आली. गाडीच्या धक्क्यांनी ती हलत नाही आणि कोणी काढूनही नेत नाही.

आकाराचा फरक डोळ्यांना दिसतो. खरी गोम आहे ती न दिसणाऱ्या फरकांत. यंत्रात नवे कार्ड नीट बसले, दिवाही लागला, तरी काम होत नाही, याची कारणे तिथे सापडतात.

पहिला फरक व्होल्टेजचा. जुनी कार्डे ५ व्होल्टवर चालत. पुढे ३ व्होल्टची आली आणि मग १.८ व्होल्टची. यंत्राने आधी कमी व्होल्टेज द्यावे, कार्डाने उत्तर दिले नाही तर वरच्या पायरीवर जावे, अशी जागतिक मानकांची रीत आहे. पण एखाद्या जुन्या यंत्राचे फर्मवेअर सरळ ३ व्होल्टनेच सुरुवात करत असेल आणि हातात आलेले नवे कार्ड फक्त १.८ चे असेल, तर कार्ड तोंड उघडत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड चांगले आहे, यंत्रवाला म्हणतो यंत्र चांगले आहे. दोघेही खरे बोलतात आणि पंप बंदच राहतो. यंत्राच्या सर्किटला १.८ व्होल्ट देता येत असतील, तर फर्मवेअर सुधारून हे दुखणे बरे होते. सर्किटलाच ते जमत नसेल तर मोडेमचा भाग बदलण्यावाचून इलाज नाही.

दुसरा फरक क्रमांकाचा. केंद्राच्या दूरसंचार विभागाने यंत्रांच्या कार्डांसाठी १३ आकडी क्रमांक ठरवले. १ जुलै २०१८ पासून नव्या यंत्र-जोडण्यांना हे क्रमांक देण्याचे ठरले, आणि जुन्या जोडण्या १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०१८ या काळात बदलायच्या होत्या. 'आपल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर १३ आकडी होणार' अशी हूल त्या वेळी उठली होती. ती खोटी होती. माणसांचे क्रमांक १० आकडीच राहिले. मात्र ज्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये क्रमांकासाठी १० घरेच आखलेली होती, त्याला १३ आकडे मावणार कुठे? एवढीशी बाब, पण ती आधी तपासावी लागते.

तिसरा फरक दाराचा. मोबाईल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जायच्या दाराला एक नाव असते, त्याला 'एपीएन' म्हणतात. कंपनी बदलली की हे नाव बदलते. काही यंत्रांत ते फर्मवेअरमध्येच पक्के लिहिलेले असते. अशा यंत्रात दुसऱ्या कंपनीचे कार्ड घातले की रेंज दिसते, पण निरोप बाहेर जात नाही.

आता येते ई-सिम

ई-सिममध्ये कार्ड काढावे-घालावे लागत नाही. कंपनीची ओळख, म्हणजे 'प्रोफाइल', दूरवरूनच चिपमध्ये उतरवली जाते. शेतातल्या यंत्रांना ही सोय चांगली आहे. मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिने अशा यंत्रांसाठी २०२३ मध्ये नवी पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे प्रवासी वाहनांच्या जीपीएस यंत्रांचे जे एआयएस-१४० मानक आहे, त्यातही बसवलेले सिमच सांगितले आहे.

पण इथेही फर्मवेअर तयार हवे. प्रोफाइल बदलली की कार्डाची ओळख बदलते. कार्ड यंत्राला सांगते, 'माझी माहिती पुन्हा वाच.' जुने फर्मवेअर ही माहिती यंत्र चालू होताना एकदाच वाचत असेल, तर ते जुन्याच नावाने हाका मारत बसते. नेटवर्क नकार देते. यंत्र दर सेकंदाला पुन्हा दार ठोठावते आणि बॅटरी उतरते. चांगले फर्मवेअर थांबून थांबून प्रयत्न करते. आधी मिनिटाने, मग दहा मिनिटांनी, मग तासाने.

बाहेर काय घडले

हे नुसते कागदी भय नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १ जानेवारी २०१७ रोजी टू-जी सेवा बंद केली. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या अनेक बसगाड्यांमधली यंत्रे त्याच सेवेवर होती. बस रस्त्यावर धावत होत्या, पण 'पुढची बस किती मिनिटांत' हे सांगणाऱ्या फलकांवरून त्या गायब झाल्या. आपल्याकडे एअरटेलने २०२० मध्येच थ्री-जी गुंडाळले. जिओ तर २०१६ मध्ये आली ती फोर-जी घेऊनच, तिच्याकडे टू-जी नाही. एअरटेल आणि व्ही यांची टू-जी सेवा चालू आहे, म्हणून आपले जुने स्टार्टर चालतात. टू-जीच्या यंत्रात जिओचे कार्ड घालून काही उपयोग नाही, आणि नुसते फर्मवेअर बदलूनही टू-जीचा मोडेम फोर-जीचा होत नाही. हे विकत घेतानाच पाहावे.

नुकसान कोणाचे?

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र काढले आणि फोनवरून पंप चालू-बंद करण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती आली. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला पुरस्कारही मिळाला. रात्री-अपरात्री विंचू-सापातून पंपावर जायचे चुकले. त्या सोयीची सवय झाल्यावर यंत्र मुके झाले, तर पुन्हा कंदील घेऊन निघावे लागते.

हवामान केंद्राचे तर याहून गंभीर आहे. 'महावेध' प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता यांच्या नोंदी तिथून दर दहा मिनिटांनी जातात. कोकणातल्या आंब्याचा हवामानावर आधारित फळपीक विमा अशाच नोंदींवर ठरतो. बागेत कोणी पाहणीला येत नाही. अवेळी पाऊस पडला की नाही, हे केंद्रच सांगते. केंद्र गप्प असले तर जवळच्या दुसऱ्या केंद्राचे आकडे धरले जातात. डोंगराच्या अल्याड पाऊस आणि पल्याड ऊन, हे आपल्याला नवे नाही. मोहोर आपला गळतो आणि आकडे दुसऱ्याचे लागतात! केंद्रातल्या यंत्रात नोंदी साठवण्याची सोय असते, म्हणून निरोप थांबला तरी नोंद लगेच पुसली जात नाही. पण ती वेळेत बाहेर काढली पाहिजे.

क्रम लक्षात ठेवा: आधी फर्मवेअर, मग सिम

साऱ्याचे सार एवढेच आहे. जुने कार्ड चालू आहे तोवरच नवे फर्मवेअर यंत्रात उतरवून घ्या. बहुतेक नवी यंत्रे ते दूरवरून, मोबाईल नेटवर्कवरूनच घेतात. कार्ड आधी बंद पडले तर ती वाटच बंद होते. मग वायरमनला लॅपटॉप घेऊन प्रत्येक पंपावर जावे लागते.

शेतकऱ्यांनी एवढे करावे:

१. यंत्राचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक, कार्डावर छापलेला १९ किंवा २० आकडी क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये फोटोही काढा.

२. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: १.८ व्होल्टचे कार्ड चालेल का? १३ आकडी क्रमांक चालेल का? एपीएन बाहेरून बदलता येतो का? फोर-जी आहे का? फर्मवेअर उतरताना मध्येच वीज गेली तर यंत्र जुन्या आवृत्तीवर परत येते का? उत्तर बिलावर लिहून घ्या.

३. पंपाचे कार्ड पावसाळ्यात, पंप बंद असताना बदला. पण स्टार्टर उघडण्याआधी मेन स्विच पाडा. आत थ्री-फेज वीज आहे.

४. साधे प्रीपेड कार्ड घातले असेल तर रिचार्जची मुदत सांभाळा. सलग ९० दिवस कार्डाचा वापर झाला नाही आणि त्यात शिल्लकही नसली, तर कंपनी ते बंद करू शकते. पावसाळ्याचे चार महिने पंप बंद ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

५. वीज मीटरच्या कार्डाला हात लावू नका. ते महावितरणचे काम आहे.

ग्रामपंचायतीने पाणीयोजनेच्या पंपावर किंवा टाकीवर अशी यंत्रे बसवली असतील, तर देखभाल करारातच तीन कलमे घालावीत. कार्ड कोणाच्या नावावर आहे ते लिहावे. फर्मवेअर सुधारणा किती वर्षे फुकट मिळणार ते लिहावे. आणि कार्ड बदलायच्या आधी ठेकेदाराने एका यंत्रावर किमान पंधरा दिवस चाचणी घेऊन दाखवावी, मगच बाकीच्यांना हात लावावा. गावच्या हद्दीत हवामान केंद्र असेल तर त्याच्या कार्डाचे काम नोव्हेंबरात उरकावे, असा आग्रह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे धरावा. तेव्हा पावसाच्या नोंदी संपलेल्या असतात आणि आंब्याच्या विम्याचा डिसेंबरापासूनचा काळ सुरू व्हायचा असतो.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्या. गावात सिमकार्डावर चालणारी यंत्रे किती, कोणाची, कोणत्या कंपनीची, याची यादी एका पानावर मावेल. ती यादी फलकावर लावा आणि शेजारी विक्रेत्याचा फोन नंबर लिहा. दहा आकडीच असेल तो!