जोडीतला तिसरा

कॅबरे म्हटलं की आपल्याला हेलन आठवते. हाच शब्द १८९५ साली एदुआर्द याकोब्सच्या हातून पॅरिसहून ॲम्स्टरडॅमला पोचला आणि पुढे तिथे त्याचा अर्थच पालटला. डच कॅबरे म्हणजे रंगमंचावर एक-दोन माणसं, जोडीला पियानो, आणि गोष्टी, गाणी, पुढाऱ्यांची यथेच्छ खिल्ली. नवा कार्यक्रम आधी छोट्या नाट्यगृहांत कमी तिकिटात घासूनपुसून घेतात, मग तो गावोगाव हिंडतो, आणि बहुधा दौरा संपत आला की टीव्हीसाठी त्याचं चित्रीकरण होतं. घरी फुकट ऐकलेल्या विनोदासाठी तिकीट कोण काढणार? डच कॅबरे-कलावंत विम कान यांचा वर्षअखेरचा कार्यक्रम १९५४ मध्ये रेडिओवर सुरू झाला, पण टीव्हीवर दिसायला १९७३ उजाडलं. आता ३१ डिसेंबरच्या रात्री साखर भुरभुरवलेले तळलेले ओलीबोल खात असा कार्यक्रम पाहणं ही तिथली रीतच झाली आहे.

असं शेवटी-शेवटी टिपलेलं चित्रण म्हणजे संपलेल्या प्रयोगाचा फोटो, असं नाटकवाले म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कलावंत दोन असतील तर मुळीच नाही. जोडीच्या विनोदात बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि ठरवणारा तिसरा असतो: सभागृह. चित्रीकरणात खरा टिकतो तो हा तिसरा. हान्स सिबल आणि डोल्फ यान्सन ही 'लेबिस आणि यान्सन' नावाची जोडी घ्या. तोफखान्यासारखं बोलणं ही त्यांची ओळख. अशा वेळी कॅमेरा बोलणाऱ्यावरून हटून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण रेंगाळला, की विनोद कुठे लागला ते कळतं. त्याची भुवई हलते, मागच्या रांगेतून उशिरा एक हशा येतो, आणि पुढचं वाक्य त्या हशावर चढून बसतं. संहितेत यातलं काहीच सापडणार नाही.

आक्षेप असा, की चित्रण प्रामाणिक कुठे असतं? दोन रात्रींतलं चांगलं तेवढं जोडतात, पडलेला विनोद कापतात. खरं आहे. एकट्या माणसाच्या दोन वाक्यांमधली शांतता कापणं सोपंही असतं. पण दोघं एकमेकांच्या शब्दावर शब्द टाकत असतील आणि त्यातच प्रेक्षक हसत असतील, तर तो हशा उसवून दुसरीकडे शिवणं अवघड. शिवण दिसतेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: राजकीय विनोद शिळा होतो. फ्रेक द योंगे आणि ब्राम वर्म्यूलन यांची 'नेरलंड्स होप', म्हणजे 'नेदरलँड्सची आशा', ही जोडी १९६८ पासूनची. द योंगे पाद्र्याचा मुलगा. वर्म्यूलन पियानोवर, आणि शिवाय राष्ट्रीय संघातला व्हॉलीबॉलपटू! १९७८ मध्ये अर्जेंटिनात लष्करी हुकूमशहा व्हिदेला सत्तेवर असताना फुटबॉलचा विश्वचषक भरणार होता. डच संघाने जाऊ नये म्हणून या दोघांनी 'खांबावर रक्त' नावाचा कार्यक्रम केला, खांब गोलपोस्टचा. संघ गेला, आणि २५ जूनला अंतिम सामन्यात १–३ असा हरलाही. आज त्यातल्या नावांवर कुणी हसणार नाही. पण फुटबॉलवेड्या माणसांना स्वतःच्याच वेडावर टोमणा बसला तेव्हा ती हसली, गप्प बसली की चुळबुळली, हे छापील मजकूर कधीच सांगणार नाही. ते सांगायला त्या रात्रीचा आवाज लागतो. विनोद शिळा होतो तो हसण्यासाठी. त्या काळातल्या लोकांची नाडी बघायला तो चालतो.

या जोडीला आपला तिसरा कोण, हे नेमकं माहीत होतं. शेवटच्या कार्यक्रमाचं नावच त्यांनी सांकेतिक ठेवलं: प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. आपल्याकडे 'कमल' लिहायचं तर 'खयव' लिहावं, तसं. एकेक अक्षर मागे सरकवलं की 'नेरलंड्स होपचा कोड' असं वाचता येई. पडदा उघडण्याआधी, पोस्टरसमोर उभ्या माणसालाच कामाला लावलेलं होतं. १९७९ मध्ये जोडी फुटली. वर्म्यूलन २००४ मध्ये गेले. द योंगे एकटेच रंगमंचावर उभे राहत आले, पियानोवरून मान वर करून ऐकणारा तो चेहरा बाजूला नसताना.